वाचलेल्या विजेचा हिशेब

२०१२ च्या जुलैत लिनक्सच्या कर्नलची ३.५ ही आवृत्ती आली. तिच्यात इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरने एक नवी फाईल वापरणाऱ्यासमोर ठेवली होती. नाव 'आरसी-६ रेसिडेन्सी एमएस'. उघडली की आत फक्त एक आकडा. ड्रायव्हर सुरू झाल्यापासून ग्राफिक्सचा भाग किती मिलिसेकंद गाढ झोपेत होता, तेवढेच तो आकडा सांगायचा. इंटेलमधल्या बेन विडॉस्की यांनी तो बदल लिहिला होता. कर्नलच्या लाखो ओळींमध्ये या थोड्याशा ओळींची दखल फार कुणी घेतली नसेल. पण पेडण्याच्या बाजारात जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचा धंदा त्या एका आकड्याने बदलला.

माझे म्हणणे साधे आहे. यंत्र वीज वाचवते असे कंपनी सांगत असेल, तर ती वाचल्याचा पुरावा वापरणाऱ्याला स्वतः पाहता आला पाहिजे. लिनक्सच्या जगात तो पुरावा हळूहळू, तुकड्यातुकड्याने बाहेर आला. मधे त्यातला काही परत झाकलाही गेला. हा इतिहास मराठीत लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही, आणि मी त्याच्या जवळून गेलो आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे या गोष्टीची निकड का, ते आधी सांगायला हवे. गोव्याला स्वतःचा मोठा वीजप्रकल्प नाही. वीज राज्याबाहेरून उच्च दाबाच्या तारांवरून येते आणि मग गावोगाव फुटते. हणखणे, इब्रामपूर, चांदेल ही पेडण्याची महाराष्ट्राच्या सीमेकडची गावे घ्या किंवा डिचोलीतले मये, नार्वे घ्या. तारा भाटांतून, कुळागरांतून गेलेल्या. जून लागला की एखादी फांदी पडते, डीपीवर फ्यूज उडतो आणि लाईट जाते. लाईनमन भिजत येतो, जोडतो, पुढच्या वाड्यावर जातो. ज्या घरात बारावीचा किंवा डिप्लोमाचा विद्यार्थी आहे, तिथे त्या दोन तासांत लॅपटॉपची बॅटरी टिकते की नाही यावर रात्रीचा अभ्यास ठरतो. नव्या लॅपटॉपला याची चिंता नसते. माझ्याकडून जातात ते पाच-सहा वर्षे वापरलेले. त्यांच्या बॅटरीत मूळच्या निम्मीच ताकद उरलेली असते, आणि म्हणून तिथे एकेक वॅट मोजावा लागतो.

ग्राफिक्सने वाचवलेली वीज मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली ती डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या लॅबमध्ये. डिचोलीच्या सरकारी तंत्रनिकेतनातून बाहेर पडून मी तिथे लॅब सहायक म्हणून लागलो होतो. ते या शतकाच्या अगदी सुरुवातीचे दिवस. पर्रीकर सरकारच्या 'सायबरएज' योजनेतून अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक यायला लागले होते. शाळांसाठी 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' या उपक्रमातून परदेशातल्या गोवेकरांनी आणि इथल्या स्वयंसेवकांनी वापरलेले संगणक बोटीने आणवले होते. सॉफ्टवेअरचा परवाना विकत घेण्याएवढे पैसे शाळांकडे नव्हते, म्हणून लिनक्स, आणि त्या कामी रेड हॅटची मदत झाली होती. साळगावचे पत्रकार फ्रेडरिक नोरोन्हा तेव्हा या चळवळीवर सातत्याने लिहीत. त्यांचे लेख वाचूनच आमच्या हेडसरांनी लिनक्सचा हट्ट धरला होता.

लॅबमध्ये काचेचे जाडजूड मॉनिटर होते. एकेक सत्तर-ऐंशी वॅट खायचा. लाईट गेली की यूपीएस ओरडायला लागे आणि मुलांनी फाईल सेव्ह करेपर्यंत माझा जीव टांगणीला लागे. त्या मॉनिटरांच्या कोपऱ्यात एक बारीक दिवा असे. काम चालू असताना हिरवा, पडदा झोपला की नारिंगी. वापरणाऱ्याला ग्राफिक्सच्या वीजबचतीची बातमी देणारी बहुधा ती पहिली खूण. तिच्यामागे दोन निर्णय होते. १९९२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 'एनर्जी स्टार' सुरू केले आणि रिकाम्या वेळी संगणकाने व मॉनिटरने प्रत्येकी ३० वॅटच्या आत राहावे अशी अट घातली. १९९३ मध्ये 'व्हेसा' या संघटनेने डीपीएमएस हा संकेत ठरवला, म्हणजे ग्राफिक्स कार्डाने मॉनिटरला 'डुलकी घे', 'झोप', 'बंद हो' हे कसे सांगायचे त्याचे नियम. लिनक्समध्ये एक छोटी आज्ञा दिली की डीपीएमएस चालू आहे का, किती सेकंदांनी पडदा झोपेल आणि मॉनिटर आत्ता कोणत्या स्थितीत आहे, हे सगळे समोर येई. त्यासाठी रूटचा, म्हणजे यंत्राच्या प्रशासकाचा, पासवर्ड लागत नसे. आठवीतली मुलगीसुद्धा पाहू शके, आणि पाहतही. मला हे फार मोलाचे वाटते. मुलांना नारिंगी दिव्याचा अर्थ कळला होता. मधल्या सुट्टीत ती स्वतःहून पडदे झोपवून जात.

लॅपटॉप आले आणि हे सोपेपण गेले. लॅपटॉपच्या पडद्याला वेगळा दिवा नाही. ग्राफिक्स तर प्रोसेसरच्या शेजारच्या चिपमध्ये आणि पुढे प्रोसेसरच्याच पोटात गेले. बॅटरीची माहिती कर्नल देत होते. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने ठरवलेल्या एसीपीआय नियमांमुळे लिनक्सवर 'प्रोक' या डिरेक्टरीत बॅटरीची फाईल मिळे आणि किती वीज उरली, ती कोणत्या वेगाने चालली आहे, हे तिच्यात लिहिलेले असे. पण तो एकूण खर्च. कोण किती खातो त्याची फोड तिथे नव्हती.

ती फोड पहिल्यांदा मागितली 'पॉवरटॉप'ने. मे २००७ मध्ये इंटेलच्या आर्यन व्हॅन डे वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रोग्राम खुला केला. त्याच्या आदल्याच महिन्यात आलेल्या २.६.२१ या कर्नलमध्ये, प्रोसेसरला काम नसतानाही ठराविक ठोक्यांनी उठवत राहण्याची जुनी पद्धत सुटली होती. आता प्रोसेसर निवांत झोपू शकत होता, आणि म्हणून त्याला कोण उठवते हे पाहण्यात अर्थ आला होता. पॉवरटॉप त्यांची यादी देई. कुठला प्रोग्राम सेकंदाला किती वेळा उठवतो ते नावानिशी. त्या यादीने जगभरच्या प्रोग्रामरांना कामाला लावले. उगाच दर क्षणाला जागे होणारे कितीतरी प्रोग्राम त्या एका वर्षात दुरुस्त झाले. माहिती उघडी केल्याने काय होते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पण त्या यादीत ग्राफिक्स जवळजवळ मुके होते. त्याच्याकडून प्रोसेसरला किती हाका येतात एवढे दिसे. ते स्वतः झोपले की जागे, हे कळत नसे. त्याला कारण होते. तोपर्यंत लिनक्समध्ये ग्राफिक्स कार्डाचा ताबा एका धन्याकडे नव्हता. पडद्याचे रेझोल्यूशन ठरवायचे काम कर्नलबाहेरच्या 'एक्स सर्व्हर'कडे आणि बाकीची काही कामे कर्नलकडे. कार्डाची खरी अवस्था कुणा एकालाच पूर्ण ठाऊक नसेल तर ती सांगणार कोण? मार्च २००९ च्या २.६.२९ मध्ये इंटेल ग्राफिक्सचा हा ताबा कर्नलकडे गेला. जेसी बार्न्स हे त्या कामातले मुख्य नाव. त्यानंतरच ग्राफिक्सच्या विजेविषयी काही सांगणे शक्य झाले.

सांगायचे कुठे, हा पुढचा प्रश्न, आणि या इतिहासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा. लिनक्समध्ये अशी माहिती ठेवायच्या दोन जागा. एक 'सिसएफएस'. तिथे ठेवलेली फाईल म्हणजे वापरणाऱ्याला दिलेला शब्द. तिचे नाव, तिच्यातल्या आकड्याचे एकक, सगळे कागदोपत्री नोंदवावे लागते, आणि उद्या मनात आले म्हणून ती काढून टाकता येत नाही, कारण तिच्यावर कुणाचा तरी प्रोग्राम चालत असतो. दुसरी जागा 'डीबगएफएस', डिसेंबर २००४ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी आणलेली. तिथे काहीही ठेवा, कधीही काढा. कुणाला कसलाही शब्द दिलेला नाही. ती ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची स्वतःची पडवी. २०१२ पासून तर तिचे दार डीफॉल्टनेच रूटखेरीज सगळ्यांना बंद झाले.

ग्राफिक्सच्या वीजबचतीची माहिती आधी आली ती या दुसऱ्या जागी. इंटेलच्या ड्रायव्हरच्या त्या काळच्या डीबगएफएस फाइली मला अजून तोंडपाठ आहेत. एक फाईल सांगे, पडद्याचे चित्र आकसून ठेवण्याची सोय चालू आहे की नाही. फ्रेमबफर काँप्रेशन म्हणतात तिला. चित्र आकसले की पडदा ताजा करताना मेमरीतून कमी वाचावे लागते आणि तेवढी वीज वाचते. ती सोय बंद असेल तर फाईल कारणही देई: या पडद्याचा आकार फार मोठा आहे, किंवा आणखी काही. नुसते 'बंद' न म्हणता 'अमुक कारणाने बंद' म्हणणारी ती फाईल ज्याने कुणी लिहिली त्याला वापरणाऱ्याची कदर होती. २०१० च्या पहिल्या कोअर आय-३ आणि आय-५ लॅपटॉपांवर तर एक फाईल चिपसेटचे तापमान सांगून ग्राफिक्सने घेतलेल्या विजेचा आकडा वेगळा काढून दाखवी. एका कोरगावच्या मुलाचा लॅपटॉप दुकानात आला होता, 'बॅटरी खराब' म्हणून. मी त्या फाइली वाचल्या. बॅटरी ठीक होती. त्याने पडद्यावर हलणारे चित्र लावले होते आणि ग्राफिक्सला क्षणाची उसंत नव्हती. चित्र काढले, बॅटरी पाऊण तास जास्त चालली. नव्या बॅटरीचे पैसे वाचले ते केवळ एका आकड्यामुळे, आणि तो आकडा मला दिसला तो माझ्याकडे रूटचा पासवर्ड होता म्हणून. त्या मुलाला त्याच्याच यंत्रावर तो दिसला नसता.

एएमडीच्या रेडिऑन कार्डांची वाट थोडी निराळी. तिथे पोलंडचे राफाऊ मिवेत्स्की आणि एएमडीचे अ‍ॅलेक्स डॉयशर यांच्या कामातून ऑगस्ट २०१० च्या २.६.३५ मध्ये सरळ सिसएफएसमध्येच दोन फाइली आल्या. त्या नुसत्या वाचायच्या नव्हत्या, त्यांत लिहिताही येई. 'लो' लिहिले की कार्ड मंद, 'हाय' लिहिले की जोरात, 'ऑटो' लिहिले की बॅटरी आणि चार्जर पाहून स्वतः ठरवणार. म्हणजे हिशेबाबरोबर नळाची चावीही हातात दिली. आपोआप वेग बदलणाऱ्या पर्यायात पडदा लुकलुके, म्हणून मी गिऱ्हाइकांना 'लो' लावून देई. २०१३ च्या सप्टेंबरात ३.११ मध्ये याच कार्डांसाठी पुरती नवी वीजव्यवस्था आली आणि वर्षभरात ती जुनी धडपड मागे पडली.

त्या वर्षांत सगळ्यात जास्त छळले ते दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपांनी. आत इंटेलचे साधे ग्राफिक्स, शिवाय खेळांसाठी एक दांडगे कार्ड. विंडोजवर दांडगे कार्ड कामापुरते जागे होई. लिनक्सवर ते चोवीस तास जागे, काहीही काम नसताना. हाताखाली चटका बसे, पंखा थांबत नसे, आणि बॅटरी संपायची तासाभरात. डेव्ह एअरली यांनी २.६.३४ मध्ये, म्हणजे २०१० च्या मेमध्ये, 'व्हीजीए स्विचरू' आणले. डीबगएफएसमधली एक फाईल. वाचली की दोन्ही कार्डांच्या ओळी, कोणते वापरात, कोणाला वीज चालू, कोणाची बंद. तिच्यातच 'ऑफ' लिहिले की बिनकामाचे कार्ड विझे. एनव्हिडियाच्या 'ऑप्टिमस' लॅपटॉपांवर मात्र एवढ्याने भागत नसे. २०११ मध्ये काही स्वयंसेवकांनी 'बंबलबी' उभे केले आणि पीटर वू यांनी त्याच्या जोडीला 'बीबीस्विच' नावाचा छोटा तुकडा लिहिला. त्याची फाईल एका ओळीत बोले: कार्डाचा पत्ता आणि पुढे 'ऑन' किंवा 'ऑफ'. जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनस टॉरवल्ड्स एनव्हिडियावर जाहीरपणे भडकले, ते याच ऑप्टिमसविषयीच्या प्रश्नावर. त्यांचा तो हातवारा पुष्कळांना आठवतो. त्यामागे किती जणांची किती तापलेली यंत्रे होती, ते माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्यांना विचारा.

आता आरसी-६.

जानेवारी २०११ मध्ये इंटेलचे 'सँडी ब्रिज' प्रोसेसर आले. त्यांच्या पोटातल्या ग्राफिक्सला काम नसले की तो भाग आपली अवस्था बाजूला नोंदवून ठेवतो आणि विद्युतदाब जवळजवळ शून्यावर आणतो. काम आले की क्षणाच्या बारीक अंशात परत उभा. यालाच आरसी-६ म्हणतात, आणि त्याहूनही खोल दोन पायऱ्या आहेत. आपण मजकूर वाचत बसलेलो असतो तेव्हा पडद्यावर काहीच बदलत नाही, म्हणून ग्राफिक्सचा बहुतेक वेळ झोपेतच जायला हवा. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात लिनक्सने ते चालू केले की काही यंत्रांवर चित्र फाटे, काही यंत्रे गोठत. म्हणून बंद केले. एका आवृत्तीत चालू, पुढच्या आवृत्तीत बंद, असे चालले. ज्यांचे यंत्र ठीक चाले तेही या भांडणात आपली वीज गमावून बसले. इंटेलच्या ब्राझीलमधल्या यूजेनी डोडोनोव्ह यांनी हे तडीस न्यायचे मनावर घेतले. मेमरीच्या पत्त्यांची राखण करणारी एक सोय चालू असली की गडबड होते, हे हाती लागले होते. २०१२ च्या सुरुवातीला उबुंटूने आपल्या वापरणाऱ्यांना जाहीर हाक दिली: आरसी-६ चालू करून पाहा आणि काय होते ते कळवा. जगभरच्या लोकांनी आपापल्या लॅपटॉपांवर पाहून कळवले. मे २०१२ च्या ३.४ मध्ये ते सँडी ब्रिजवर आपोआप चालू झाले.

यानंतर लगेच ३.५ मध्ये ती झोपेच्या हिशेबाची फाईल आली, आणि आली ती सिसएफएसमध्ये, कुणालाही वाचता येईल अशी. या जोडणीचे महत्त्व मला पटवून द्यायचे आहे. सोय चालू आहे एवढे सांगणारी फाईल तिच्या शेजारीच होती. पण 'चालू आहे' आणि 'खरेच झोपते आहे' यांत फरक असतो. आमच्या घरी पडवीत वीजखात्याचा मीटर आहे आणि वडील दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याचा आकडा कॅलेंडरवर टिपून ठेवत, बिल आले की वजाबाकी करून पाहत. आरसी-६ चा आकडा तसाच वाचायचा. एकदा वाचा, दहा सेकंद थांबा, पुन्हा वाचा, वजा करा. दहा हजार मिलिसेकंदांपैकी साडेनऊ हजार झोपेत गेले असतील तर उत्तम. दोन हजार गेले असतील तर काहीतरी त्याला उठवते आहे, ते शोधा. मी तशी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपवर ती ठेवायला लागलो. जुने यंत्र घेणारा माणूस शंका घेऊनच येतो. त्याच्यासमोर ती चालवली की माझ्या तोंडाच्या खात्रीपेक्षा तो आकडा त्याला पटतो.

त्याच २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. डिचोलीत ट्रकांचे हप्ते थकले. ज्या घरांत मुलासाठी नवा लॅपटॉप घ्यायचे ठरले होते, ती घरे माझ्या दुकानाकडे वळली. मये, पिळगाव, साखळीकडची माणसे पेडण्यापर्यंत येत. त्यापुढच्या वर्षांत मी विकलेल्या जुन्या सँडी ब्रिज यंत्रांना आरसी-६ मुळे जे आयुष्य मिळाले, त्याबद्दल मी त्या परक्या प्रोग्रामरांचे मनापासून आभार मानतो. त्यांना डिचोली कुठे आहे ते माहीत नसणार.

पुढे पाच-सहा वर्षांत आरसी-६ इतके स्थिरावले की २०१८ च्या ४.१६ मध्ये ते बंद करायचा पर्यायच ड्रायव्हरमधून काढून टाकला. हिशेबाची फाईल मात्र राहिली. दिलेला शब्द पाळला गेला.

माहिती परत झाकली गेली ती २०२० मध्ये. सँडी ब्रिजपासून इंटेलचे प्रोसेसर आपण किती ऊर्जा खर्च केली हे स्वतः मोजतात. २०१४ च्या ३.१३ पासून ते मायक्रोज्यूलमध्ये सिसएफएसमध्ये दिसू लागले होते. बऱ्याच यंत्रांवर पूर्ण प्रोसेसरचा, त्यातल्या कोअरांचा आणि ग्राफिक्सचा आकडा वेगवेगळा. ज्यांना फोड हवी होती त्यांच्यासाठी ही पर्वणी. पण १० नोव्हेंबर २०२० रोजी ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी, बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि जर्मनीतल्या सिस्पा संस्थेच्या सहकाऱ्यांबरोबर, 'प्लॅटिपस' नावाचा हल्ला जाहीर केला. हा ऊर्जेचा आकडा भराभर वाचत राहिले तर प्रोसेसर आत काय करतो आहे त्याचा माग लागतो, आणि तो थेट गुप्त किल्ल्यांपर्यंत पोचू शकतो. कर्नलने तातडीने ती फाईल रूटपुरती केली.

यात चूक म्हणता येत नाही. एका सर्व्हरवर शंभर अनोळखी लोक काम करत असतील तर तो आकडा उघडा ठेवणे धोक्याचेच. पण करोनाच्या त्या वर्षात आमच्याकडची मुले नेटवर्क मिळेल त्या टेकडीवर, त्या देवळाच्या आवारात बसून वर्ग ऐकत होती, आणि संस्थेने दिलेल्या पुष्कळ लॅपटॉपांचा रूट पासवर्ड त्यांच्याकडे नव्हता. त्यांच्या पडद्यावरचे विजेचे आलेख एका अपडेटनंतर रिकामे झाले. माझे मत असे की पूर्ण दार लावण्याऐवजी सेकंदातून एकदाच बदलणारा, जाडाभरडा आकडा सगळ्यांना ठेवता आला असता. बॅटरीचा हिशेब लावायला मायक्रोज्यूल लागत नाहीत. झोपेच्या मिलिसेकंदांची ती जुनी फाईल मात्र उघडीच राहिली, आणि माझी स्क्रिप्ट चालत राहिली.

मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ गोव्याच्या किनाऱ्याला घासून गेले. झाडे आणि खांब इतके कोसळले की पेडण्यात कित्येक घरे काही दिवस अंधारात होती. पंचायतीजवळ एकाकडे जनरेटर होता, तिथे मोबाइल आणि लॅपटॉप रांगेने चार्ज होत. त्या दिवसांत मी लोकांना बॅटरीच्या फाईलमधला वॅटचा आकडा वाचायला शिकवला. पडदा मंद केला की अकराचा आठ होतो, ब्राउझर बंद केला की सहा. शिकायला कुणाला वेळ लागला नाही. घरात इन्व्हर्टर असलेल्या बायका तर हे गणित आधीपासून करत होत्या.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या ४१ या आवृत्तीत 'वीजबचत, संतुलित, जोरदार' असे पर्याय थेट मेनूत आले. त्यामागचा प्रोग्राम बास्तियाँ नोसेरा यांचा. ग्नोमच्या मराठी भाषांतराचे बरेच काम रेड हॅटच्या पुण्याच्या कार्यालयात असताना संदीप शेडमाके यांनी वर्षानुवर्षे केले आहे. त्यामुळे मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला मेनू तरी आपल्या भाषेत मिळतो. कर्नलच्या फाइलींपर्यंत मराठी पोचलेली नाही, आणि मेनूतले बटण आत नेमके काय बदलते ते अजून सांगत नाही.

त्याचा फटका मी अलीकडेच पाहिला. २०२४ मध्ये एएमडीच्या ड्रायव्हरने सिसएफएसमध्ये नवी फाईल दिली: पडद्याची मागची रोषणाई कमी करून रंग वाढवायचे आणि वीज वाचवायची, शून्य ते चार अशा पायऱ्यांत. वीजबचतीचा प्रोग्राम बॅटरीवर असताना ती पायरी आपोआप वाढवायला लागला. डिचोलीतला एक फ्लेक्स छापणारा चवथीच्या तोंडावर लॅपटॉप घेऊन आला. चार्जर लावला की गणपतीच्या शेल्याचा केशरी बरोबर, काढला की बदललेला. पडदा गेला असे तो धरून चालला होता. फाईल वाचली, आत तीन होते. शून्य लिहिले, केशरी परत आला. फाईल होती म्हणून निदान पाच मिनिटांत झाले. मेनूत एक वाक्य असते तर त्याला भर चवथीत दुकान बंद करून पेडण्याला यावेच लागले नसते.

आणि आता इंटेलचा नवा ड्रायव्हर आला आहे, 'एक्सई'. मार्च २०२४ च्या ६.८ मध्ये तो कर्नलमध्ये दाखल झाला. नव्या यंत्रांवर तो आरसी-६ ची जुनी फाईल देत नाही. झोपेचा हिशेब तिथे 'आयडल रेसिडेन्सी एमएस' या नावाने, ग्राफिक्सच्या प्रत्येक भागासाठी वेगळा, आणखी काही डिरेक्टऱ्या आत ठेवला आहे. शेजारच्या फाईलमध्ये तो भाग आत्ता झोपेत आहे की जागा, तेही लिहिलेले असते. माझी चार ओळींची स्क्रिप्ट तिथे चालेना, म्हणून ती वाढवली: आधी जुनी जागा पाहते, नसेल तर नवी, आणि उत्तर मराठीत देते. तालुक्यातल्या शाळांचे जे लॅब सहायक माझ्याकडे येतात त्यांना मी ती पेनड्राइव्हवर देतो. दोन्ही जागांचे पत्ते आणि वजाबाकीची रीत एका कागदावर छापून तोही बरोबर देतो.